वर पाठवा

१

आमच्या इमारतीत कुणी कुणाकडे अचानक टपकत नाही. खाली दरवान असतो, तो आधी फोन करतो. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक जुना पितळी फोन आहे. तो बाहेर कुठेच लागत नाही, फक्त खालच्या दालनात. तो गुरगुरला की उचलायचा, दरवान पाहुण्याचं नाव सांगतो, आपण म्हणायचं, "हो, पाठवा वर." मग मुख्य दाराची कडी काढायची, दार नुसतं लोटून ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. लिफ्ट इतकी रमतगमत चढते की तेवढ्यात बटाटे सोलून होतात. पाहुणा स्वतःच दार ढकलून आत येतो आणि "आहे का कुणी घरात?" म्हणून ओरडतो. आमच्या या एल्ड्रेज इमारतीत पहिल्यापासून हे असंच चालत आलंय. दारात ताटकळत उभं राहतात ती माणसं नवीन, हे आम्ही लगेच ओळखतो.

आता नाव नीट ऐकू आलं नाही तर काय? काही नाही. "कोण म्हणालास?" असं विचारणं वाईट दिसतं. पाहुणा बिचारा तिथेच दरवानासमोर टोपी हातात घेऊन उभा असतो, त्याला काय वाटेल? त्यातून झेफचे उच्चार! झेफ आमचा दुपारचा दरवान, अल्बानियाचा. सोन्यासारखा माणूस, पण त्याच्या तोंडी मिसेस गोल्डफार्बची कायम गोल्डफिश होते. त्यामुळे तो काहीही म्हणो, अख्खी इमारत त्याला "हो, पाठवा" म्हणते. फार तर काय, भलताच माणूस येईल आणि चहा पिऊन जाईल.

त्या मंगळवारी सकाळपासून बर्फ पडत होतं. भुरभुर नव्हे, चांगलं जाड, सगळे आवाज गिळून टाकणारं. ब्रॉडवेवरून बस गेली की नाही तेही कळेना. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. जेवणघराच्या खिडकीतून एरवी हडसन नदी दिसते, त्या दिवशी नदी नाही, पलीकडचा किनारा नाही, नुसतं पांढरं. छताला आतून जुन्या काळची प्लास्टरची द्राक्षं आहेत, त्यांच्या सावल्यासुद्धा पडल्या नव्हत्या. माझा नवरा सॅनफर्ड खिडकीपाशी त्याच्या खुर्चीत होता. मी त्याच्या स्वेटरची बटणं लावली, मांडीवर शाल टाकली आणि बार्लीचं सूप ढवळायला आत गेले.

सॅनफर्ड दातांचा डॉक्टर. खाली तळमजल्यावरच त्याचा दवाखाना होता. या इमारतीतली निम्मी तोंडं त्याने आतून पाहिली आहेत. ऑक्टोबरात त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. एकच राहिला, 'मिनी'. माझं नाव मिनर्व्हा, पण तो मला पहिल्यापासून मिनी म्हणतो. आता पाणी हवं तरी मिनी, उशी हलवायची तरी मिनी, बाहेर कबूतर बसलं तरी मिनी. कुठली मिनी पाण्याची आणि कुठली कबुतराची, हे मला बरोबर कळायचं. दुसऱ्या कुणाला कळणं शक्यच नव्हतं.

आणि आमच्या लेकीने, लोइसने, त्याच्यासाठी रिव्हरडेलच्या एका शुश्रूषागृहात जागा बघून ठेवली होती. छान बाग आहे म्हणे, नर्सेस फार हसऱ्या आहेत म्हणे. आठवड्यापूर्वी त्याला टबातून काढताना माझा हात सटकला होता आणि मूर्खासारखं मी ते तिला फोनवर सांगून बसले. "रविवारी येते, ममा. मग काय ते एकदाचं ठरवून टाकू," ती म्हणाली. ठरवून टाकू म्हणजे काय ते मला कळत होतं. त्या हसऱ्या बायकांमध्ये तो दिवसभर मिनी मिनी करत बसेल आणि त्यांना वाटेल, म्हातारा चळलाय. तिथे तो ख्रिसमसही बघणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तर मी सूप ढवळत असताना फोन गुरगुरला. झेफ काहीतरी म्हणाला. डोक्यात सगळा तो रविवारच चालला होता. "हो, पाठवा वर," मी म्हटलं, दाराची कडी काढली, दार लोटलं आणि परत पातेल्याशी आले.

कुणी आलंच नाही. हाक नाही, पावलं नाहीत. झेफने घराचा नंबर चुकवला असेल म्हटलं, गॅस बारीक केला आणि सॅनफर्डजवळ जरा टेकले. बर्फाकडे बघता बघता माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोलीत निळसर उजेड होता. सॅनफर्ड खुर्चीतच होता, बाहेर बघत. त्याच्या मांडीवरची शाल कुणीतरी नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवली होती. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. मीच केलं असेल सगळं झोपेच्या तंद्रीत, अलीकडे माझं काय मेलं ठिकाणावर असतं! मी वाकून त्याच्या डोक्याचा पापा घेतला. ऑक्टोबरपासून जो माणूस घराबाहेर पडला नव्हता, त्याच्या केसांना बर्फाचा वास येत होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅनफर्डने उजव्या हाताने चमचा उचलला.

त्याने सूप तोंडात घेतलं, गिळलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे, मिनर्व्हा."

अगं बाई! मी रडले, हसले, पुन्हा रडले. आयुष्यात माझ्या सूपला नावं ठेवलेली मला कधी इतकी गोड लागली नव्हती. डॉक्टर रेस्निकना फोन केला तर तेही गडबडले.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. "होतं कधीकधी. मेंदूचं काही सांगता येत नाही, मिसेस लोबेल."

"पण तो मला मिनर्व्हा म्हणाला, डॉक्टर. तो कधीच म्हणत नाही. लग्न लावताना रब्बीने माझं पूर्ण नाव घेतलं तेव्हा त्याला हसू आवरेना."

"शब्द परत येताना रांगेने येत नाहीत हो. माणूस बोलायला लागला आणि तुमची तक्रार काय, तर फार आदराने बोलतो! आमच्या घरी पाठवून द्या त्याला, माझ्या बायकोला असाच नवरा हवा होता."

मी हसले. खरंच की, मी काय खुसपटं काढत बसले होते! फोन ठेवून वळले तर तो दारात उभा होता. उभा! हातात काठी नाही, काही नाही. चौकटीवरून बोटं फिरवत होता, जागा भाड्याने घ्यायला आलेली माणसं फिरवतात तशी.

"हे स्वयंपाकघराचं दार लावून घेत जा," तो म्हणाला. "तिकडून गार वारा येतो."

३

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग सांगता येणार नाही. बर्फ थांबायचं आणि पुन्हा पडायचं. खोल्यांमध्ये दिवसभर तोच एक दुधाळ उजेड, त्यामुळे दुपार कधी झाली आणि संध्याकाळ कधी, पत्ता लागायचा नाही. आम्ही दोघं खोल्याखोल्यांतून हिंडायचो. तो माझा हात धरायचा. आमचा हॉल, आमची दिवाणखोली, आमचीच पुस्तकं, पण तो सगळं पहिल्यांदा बघितल्यासारखं बघायचा. पियानोपाशी थांबून "हा वाजतो?" असं विचारायचा. मी म्हणायचे, "विसरलास? तुझ्या आईचा आहे." तो मान डोलवायचा, लक्षात ठेवल्यासारखी.

मला काय वाटत होतं ते स्पष्टच सांगते. मी सुखात होते. पुन्हा कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढत होतं, माझ्या कपात चहा ओतत होतं.

गुरुवारी मी त्याला मिसेस गोल्डफार्बच्या कुत्र्याचा किस्सा सांगितला आणि तो खदखदून हसला. मान मागे टाकून, तोंड उघडून. मी इतकी वर्षं दातांच्या डॉक्टरची बायको आहे, माझी नजर आधी तिथेच जाते. सॅनफर्डचे दात म्हणजे त्याची नेहमीची लाज. लोकांना उपदेश करणाऱ्या या माणसाची खालची डावी दाढ त्याच्याच मित्राने उपटून काढली होती, आणि त्या खड्ड्यावरून आम्ही त्याला भरपूर चिडवलं होतं. तिथे आता दाढ होती. शेजारच्या दातांसारखीच, चांगली वापरलेली, पिवळसर.

उजवीकडची होती का ती? मी आठवून बघितलं. समोर बसलेल्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, गोंधळ होतो. फोटोत बघू म्हटलं, तर फोटोत तो कायम ओठ मिटून. शेवटी मी स्वतःलाच दटावलं, "मिनर्व्हा लोबेल, तुझा नवरा चालतोय, बोलतोय आणि तू दाढा मोजतेस? शोभतं का तुला?"

त्याच दुपारी भांडी विसळताना मी नळ बंद केला आणि मला काहीतरी ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या मागे मोलकरणीची म्हणून एक खोली आहे. या इमारतीत प्रत्येक घरात असते, आता कुणाकडेच मोलकरीण राहत नाही, सगळे तिथे अडगळ टाकतात. आमच्या त्या खोलीत सॅनफर्डची दवाखान्यातली खुर्ची आहे, दात काढायची. दवाखाना बंद केला तेव्हा ती विकवेना त्याला. तिकडून आवाज आला, दबका, बसका. शब्द असेल, नसेलही. मी हात पुसायला फडकं घेतलं तेवढ्यात मागून सॅनफर्ड आला, माझ्या खांद्यांवर हात ठेवून त्याने मला वळवलं आणि दार लावून घेतलं.

"वारा आहे," तो म्हणाला. "चल, तुझ्या त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?"

मी त्याला पुढचं सांगितलं.

४

शनिवारी मी मंद भाजायच्या ब्रिस्केटसाठी मांस आणि राय ब्रेड आणायला बाहेर पडले. रविवारी लोइस येणार होती आणि तिचे डोळे पांढरे होणार होते. सॅनफर्ड टेबलाशी उभा राहून मांस कापतोय आणि ती रिव्हरडेलचे कागद पर्समध्ये परत कोंबतेय, असं चित्र रंगवत मी परत आले. झेफने दार उघडलं, पिशवी घेतली.

"डॉक्टरसाहेब बरे दिसले हो परवा," तो म्हणाला. "मला फार आनंद झाला, मिसेस लोबेल."

"परवा कुठे दिसला तुला? तो घराबाहेर पडलेला नाही."

"परवा म्हणजे, तो बर्फाचा दिवस नव्हता का? मंगळवार. बाहेरून आले ना! लांब कोट, टोपी, खांद्यावर एवढं बर्फ. मी म्हटलं, सकाळच्या माणसाच्या वेळेला गेले असतील खाली. तुम्हाला फोन नाही का केला मी?"

मी हसले. दुसरं काय करणार? "झेफ, घरच्या माणसाला वर सोडायला तू फोन कधीपासून करायला लागलास?"

झेफ ओशाळला. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तेच तर मीही म्हटलं. म्हटलं, डॉक्टर, तुमचंच घर आहे, जा की. तर म्हणाले, नको, आधी वर विचार. म्हणाले, येऊ का ते विचार आणि ती हो म्हणाली तरच मला सांग. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण झालंय, आपण कशाला मध्ये पडा! मी स्पष्ट सांगितलं की तुम्हाला, डॉक्टर लोबेल आलेत म्हणून. तुम्ही म्हणालात, हो, पाठवा."

"म्हणाले का मी तसं?"

"लगेच! मी त्यांना म्हटलं पण, बघा, राग गेला वाटतं."

लिफ्टमध्ये एक मखमलीचा बाक आहे. मी त्यावर बसले. नववा मजला आला, दार उघडलं, मी उठले नाही. दार मिटलं. कुणीतरी वरून बोलावलं, लिफ्ट वर गेली, मग खाली, मग पुन्हा वर. माणसं आत आली, माझ्याशी हवापाण्याचं बोलली, उतरून गेली. मी आपली मनाशी जुळवत होते. झेफला भास झाला असेल. सॅनफर्डचा भाऊ त्याच्यासारखा दिसायचा, पण तो वारला. मी झोपले असताना सॅनफर्ड स्वतःच खाली जाऊन आला असेल. मग फोन आला तेव्हा खुर्चीत कोण होतं? प्रत्येक वेळी मी इथवर यायचे आणि प्रत्येक वेळी लिफ्ट थांबायची आणि माझा विचार सुटायचा. सोडायलाच बसले होते मी.

शेवटी उतरले. त्याने दार उघडलं, पिशवी घेतली आणि एक शब्द न बोलता माझ्यापुढे गुडघ्यांवर बसून माझे ओले बूट काढले. धडधाकट होता तेव्हाही सॅनफर्डने हे कधी केलं नव्हतं. त्याने माझी गार पावलं हातात धरून चोळली. मला इतकं बरं वाटलं की माझे डोळे भरून आले.

"कुणी काही म्हणालं का खाली?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कोण काय म्हणणार?"

५

रविवारी ऊन पडलं. नदी परत आली, द्राक्षांच्या सावल्या परत आल्या. ब्रिस्केट सकाळपासून ओव्हनमध्ये होतं आणि घरभर कांद्याचा वास सुटला होता. सॅनफर्ड न्हाणीघरात दाढी करत होता, गुणगुणत. गाणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

चांगल्या बश्या मोलकरणीच्या खोलीत खोक्यात असतात. त्या आणायला गेले, एवढंच. दाराच्या मुठीवर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते, हेही खरं.

आत पडदा ओढलेला होता. दात काढायची ती खुर्ची माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून होती. ती कायम भिंतीकडे तोंड करून असते. तिच्या हातावरून एक हात खाली लोंबत होता, उजवा, बोटं आत वळलेली. तो हात मी ऑक्टोबरपासून रोज धुतला आहे, पुसला आहे, त्याची नखं कापली आहेत. मनगटापर्यंत स्वेटरची बाही होती. एक पायतण सुटून जमिनीवर पडलं होतं आणि पाऊल उघडं होतं, गारठून निळं झालेलं.

मी पुढे गेले नाही. चेहरा मी पाहिला नाही, शपथेवर सांगते, पाहिला नाही.

बोटं हलली. मी दारात आहे हे त्याला कळलं असावं, तो माझी पावलं ओळखतो.

"मिनी," तो म्हणाला.

ही पाण्याची नव्हती, उशीची नव्हती, कबुतराची नव्हती. ही कसली होती ते मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

स्वयंपाकघरातला फोन गुरगुरला. मी मागे सरले, दार ओढून घेतलं, फोन उचलला. झेफ म्हणाला की लोइस आली आहे, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मी म्हटलं, हो, पाठवा.

बश्या राहिल्याच. आम्ही रोजच्याच बश्यांत जेवलो. लोइस दारातून आत आली आणि तिचा पपा तिला सामोरा गेला, हात पसरून, आणि तिच्या हातातली पर्सच गळून पडली. ती लहान मुलीसारखी हुंदके देत रडली. मग त्याने मांस कापलं, पातळ, एकसारखं. तिच्या मुलांची विचारपूस केली, नवऱ्याच्या नोकरीची थट्टा केली. नावं मी त्याला आदल्या दिवशी सांगितली होती.

"ममा, मी तर थक्क झाले," लोइस डोळे पुसत म्हणाली. "तू जादू केलीस. रिव्हरडेल गेलं खड्ड्यात! मी उद्याच त्यांना नको म्हणून कळवते. तुम्ही दोघं इथेच राहा, एकमेकांना धरून."

"आम्ही इथेच राहणार," सॅनफर्ड म्हणाला आणि त्याने माझ्या हातावर हात ठेवला. ऊबदार होता तो हात, जड आणि भरवशाचा. ऑक्टोबरपासून मला एकटीला सगळं उचलावं लागलं होतं, सगळं, रात्रंदिवस, आणि मी किती दमले होते ते मला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. पहिल्यांदा अगदी बारीक. मग जरा मोठा. मग थांबून पुन्हा.

लोइसचा काटा बशीवर थांबला. "ममा? कसला आवाज आहे हा?"

सॅनफर्ड माझ्याकडे बघत होता. त्याला घाई नव्हती. मंगळवारी खाली दालनात, टोपीवर बर्फ घेऊन, उत्तराची वाट बघत तो असाच उभा राहिला असेल.

"घर तापवणारे वाफेचे नळ आहेत गं," मी म्हटलं. "जुनी इमारत. थंडीत करतात असे आवाज."

"पण कुणी बोलावल्यासारखं वाटतंय. दुरुस्त करून घे ना."

"काही करायला नको," मी म्हटलं आणि तिच्या बशीत आणखी मांस वाढलं. "एक-दोन दिवसांत आपोआप बंद होईल."